मुहन्नदची पिवळी पट्टी

मुहन्नद माझ्या लेकीचा मुलगा. जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात, त्याच्या कचेरीत त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, पण जन्मात कुणाची नाडी धरलेली नाही त्यानं. इंटरनेटवरचं कपड्यांचं दुकान उघडायला उशीर लागला की गिऱ्हाईक पळतं. उशीर कुठं लागतो ते शोधणं हे त्याचं काम. ब्राउझरमध्येच एक बटण असतं. ते दाबलं की पान उघडेपर्यंत आत कोण काय करत होतं, त्याच्या रंगीत पट्ट्या पडद्यावर उमटतात. लांबलचक पिवळी पट्टी आणि तिच्या कोपऱ्यात लाल टिकली दिसली, की समजायचं कुणीतरी वाट अडवून बसलंय. मला एवढं कळतं, कारण जेवताना तो दुसरं काही बोलतच नाही. ताटातला मकलूबाचा भात गार होतो, पट्ट्या संपत नाहीत.

त्याच कचेरीत लुबाबा होती. दुकानातल्या कपड्यांची चित्रं पानावर मांडायची. वडिलांची नजर गेलेली, घरात कमावती तीच.

एका सकाळी दुकानाचे मालक फव्वाजसाहेब यांनी सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर उभं केलं.

"बोला डॉक्टर, माझं दुकान कोण मारतंय?"

मुहन्नदनं पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. "चित्रं मांडायला लागली की लगेच हे सुरू होतं."

सगळ्यांच्या माना लुबाबाकडे वळल्या. ती म्हणाली, "तुझ्या ब्राउझरच्या कोपऱ्यात ते जर्मनचं खेळणं चालू आहे. आधी काही न जोडलेल्या कोऱ्या खिडकीत उघडून बघ."

अर्ध्या इर्बिदसारखं आमच्या पोरालाही जर्मनीला जायचंय. म्हणून पानावरच्या प्रत्येक शब्दाखाली जर्मन शब्द चिकटवणारं काहीतरी त्यानं आपल्या ब्राउझरला जोडून ठेवलं होतं.

"डॉक्टरला औषध शिकवतेस?" मुहन्नद म्हणाला. सगळे खदखदून हसले. हसणाऱ्यांना आपापली नोकरी सांभाळायची होती.

साहेब म्हणाले, "पिशवी उचल, बाई. चित्रं आता घरच्या भिंतीवर मांड."

ती गेली. तिचं काम पानावरून उपटून टाकलं. मुहन्नदनं पुन्हा बटण दाबलं, तर तीच पट्टी, तीच टिकली. तेव्हा कुठं त्यानं ते जर्मन बंद केलं. पान वाऱ्यासारखं उघडलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? ती बाईच रोग होती!" आणि आमचा डॉक्टर गप्प राहिला.

घरी येऊन माझ्यापाशी मात्र बोलला. मी म्हटलं, "ऊठ. वडीलधारी माणसं घे, माफी मागायला जायचंय." तो लगेच तयार झाला. पांढऱ्या दाढ्या दारात आल्या की कोण नाही म्हणतं, हा त्याचा हिशेब.

लुबाबाच्या घरी पुरुष बैठकीत बसले, मी आत बायकांत. दार उघडंच होतं. कॉफी आली. मागणं मान्य होईपर्यंत कपाला ओठ लावायचा नाही, ही आमची रीत. सगळ्यांनी कप समोर ठेवले. मुहन्नदचा चुलता अबू शाहेर म्हणाला, "पोराकडून चूक झाली. पदरात घ्या."

लुबाबाचे वडील म्हणाले, "घेतो. पण माझ्या पोरीला सगळ्यांसमोर रोग म्हटलं. यानं त्याच पडद्यासमोर, त्याच माणसांना सांगावं की ती पट्टी याची होती. मग प्या कॉफी."

माझ्या शेजारी लुबाबा बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचं विणकाम थांबलं.

मुहन्नदनं कप बोटानं जरा पुढं सरकवला. मग पुटपुटला, "असं सांगितलं तर उद्या माझ्या पट्ट्यांवर कोण विश्वास ठेवील, चाचा?"

"म्हणजे पोरीचं नाव गेलं तरी चालेल, तुझं जाऊ नये," लुबाबाचे वडील म्हणाले.

कपांतली कॉफी गार झाली. लुबाबानं पुन्हा सुई हातात घेतली. वडीलधारे एकेक करून उठले, कुणी कुणाकडे बघितलं नाही.

जिना उतरताना अबू शाहेर म्हणाला, "एवढं कबूल केलं असतंस तर काय बिघडलं असतं? कॉफीचा वासही काय सुरेख होता!"

लुबाबा आता बाजारात मोबाइलची कव्हरं विकते. मुहन्नदला कचेरीत मोठा पडदा मिळाला. हल्ली तो सगळं आधी कोऱ्या खिडकीत उघडून बघतो, आणि नव्या पोरांनाही तेच शिकवतो. हे कुणाकडून शिकलात, असं एकानं विचारलं, तर म्हणाला, "अनुभवानं."

हेही त्यानं मला जेवतानाच सांगितलं. मी त्याच्यापुढची ताटली उचलली.

"आजी, माझं व्हायचंय अजून!"

"गार झालंय," मी म्हटलं.