प्रवाळांना दिलेला ताण

अमरावतीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, समुद्राच्या पाण्याची एक काचेची टाकी होती. ती माझ्या सुनेची. सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. टाकीत मासे दोनच, बाकी सगळी प्रवाळं. दोन वर्षांपूर्वी ती प्रवाळं मेली, आणि माझ्या बायकोच्या फिनाईलमुळे मेली असं घरात ठरलं. नातेवाईकांतही काहींना अजून तेच माहीत आहे. ते खरं नाही. काय झालं ते मी जमेल तसं क्रमाने लिहितो.

मी अकोल्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली. शेतकरी पिशवीत माती आणायचे, मी तिच्यातलं नत्र, स्फुरद, पालाश काढून कागदावर लिहून द्यायचो. माझं मूळ गाव अंजनगाव सुर्जीच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे. त्यामुळे सून पहिल्यांदा गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात तराजूवर तोलून मीठ घालायला लागली, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, बेटा, असं पाणी आमच्या गावाला पाहिजे तेवढं होतं. तिने ते थट्टेवारी नेलं नाही. पुढच्या खेपेला गावाहून एक बाटली पाणी आणायला लावलं, मोजून पाहिलं, आणि समुद्राच्या मिठात आणि आमच्या विहिरीच्या मिठात काय फरक आहे ते मला अर्धा तास समजावून सांगितलं. तेव्हापासून मी त्या टाकीत गुंतलो.

प्रवाळ म्हणजे मी दगड समजत होतो. ते जनावर आहे, आणि त्या जनावराच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं, त्यातलं प्रवाळाला देतं. पाण्यात नत्र आणि स्फुरद जास्त झालं की हे शेवाळ माजतं, त्याचा तपकिरी रंग प्रवाळाच्या स्वतःच्या रंगावर चढतो आणि सगळं मळकट दिसू लागतं. कमी झालं की शेवाळ घटतं आणि खालचा जांभळा, हिरवा, गुलाबी उघडा पडतो. मी जन्मभर लोकांना सांगत आलो होतो की स्फुरद कमी आहे, टाका. इथे एका घागरीत सुईच्या टोकाएवढं जास्त झालं तरी बिघाड. स्फुरद तपासायची रीत मात्र जवळजवळ आमचीच होती. पाण्यात थेंब टाकायचे, वाट पाहायची, निळा रंग येतो. जितका गडद निळा, तितकं स्फुरद. नोकरीत हजारो वेळा पाहिलेला तो निळा रंग सत्तरी ओलांडल्यावर घरातल्या टेबलावर परत भेटला. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

मग अकोल्याला सुनेचे वडील न्हाणीघरात पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती दीड महिन्याची रजा घेऊन माहेरी गेली. मुलगा नोकरीला धामणगाव रेल्वे या गावी रोज जाऊन येतो, टाकीशी त्याचा संबंध तिच्या वायरींपुरता. म्हणून टाकी माझ्याकडे आली. सकाळी चिमूटभर खाद्य, उडालेलं पाणी भरून काढायचं, आणि आठवड्यातून एकदा नत्र-स्फुरद मोजून वहीत लिहायचं. जाताना तिने बजावून सांगितलं होतं, "बाबा, काही बदलू नका. आहे तसं चालू द्या." नत्राचा आकडा पाच आणि स्फुरदाचा ०.०५ च्या आसपास असला म्हणजे ठीक, असं तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

टाकीच्या मधोमध एक फांद्यांचं प्रवाळ होतं. सुनेला ते तिच्याचसारखी टाकी पाळणाऱ्या एका बाईकडून मिळालं होतं, बोटाएवढा तुकडा. तेव्हा ते जांभळं होतं म्हणे. आमच्याकडे येऊन तपकिरी झालं आणि तसंच राहिलं. सून रोज त्याच्यासमोर उभी राहायची. मला वाटलं, ती परत येईल तेव्हा ते जांभळं दिसलं पाहिजे.

आणि मला ताण आठवला.

बायकोचं माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बगिच्याचं. संत्र्याला बहार धरायचा तर आधी झाडाचं पाणी तोडतात. महिनाभर, जमिनीप्रमाणे कमीजास्त. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांबरोबर ताणावरच्या बगिच्यात फिरलो होतो, तेव्हापासून ही गोष्ट मला मोठी नवलाची वाटत आली आहे. उपाशी ठेवल्यावर झाड फुलतं. मग प्रवाळाला तरी काय वेगळं असणार? शिवाय शास्त्रही तेच म्हणत होतं, स्फुरद कमी तर रंग जास्त.

मी खाद्य बंद केलं. माशांसाठी दोन दिवसांआड चार दाणे, बस. स्फुरद शोषून घेणारे गंजाच्या रंगाचे दाणे नळीत भरलेले असतात, ते तिप्पट केले. बायको तेव्हा खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीवर भाजी निवडत बसली होती. तिने काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं. तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"ताण देतेत तं रोज सकायी जाऊन पान पाहतेत. पान सांगते आता पानी सोडा म्हनून. याचं पान कोनतं, थे सांगा मले."

मी म्हणालो, चौतीस वर्षं मी हेच केलंय.

"तुमी माती तपासली," ती म्हणाली. "झाड नाई."

मी हसण्यावारी नेलं.

दहा-बारा दिवसांत ते प्रवाळ खरोखर उजळलं. आधी फांद्यांची टोकं, मग खाली खाली जांभळट छटा उतरत गेली. शेजारचं एक मळकं हिरवं होतं, ते पोपटी झालं. मी फोटो काढून सुनेला पाठवले. तिचा अकोल्याहून लगेच फोन आला. दवाखान्याच्या त्या दिवसांत पहिल्यांदाच ती खुशीत बोलत होती. तिने विचारलं, आकडे काय आहेत बाबा?

त्या दिवशी मोजताना स्फुरदाची बाटली जेमतेम निळसर झाली होती. खरं सांगितलं असतं तर तिने खाद्य सुरू करायला लावलं असतं, आणि मला अजून रंग पाहिजे होता. मी म्हणालो, पाच आणि ०.०५. मग तेच वहीत लिहिलं. नोकरीत मी एकही आकडा मनाने लिहिला नाही. साहेबांनी एकदा कोणाच्या तरी मातीसाठी सुचवलं होतं, तेव्हाही नाही. हा पहिला.

तिसऱ्या आठवड्यापासून बाटलीत निळा आलाच नाही. पाणी जसंच्या तसं बिनरंगी. वहीत पाच आणि ०.०५. जांभळा रंग पुढे फिकट होत गेला, दुधात टाकल्यासारखा. मला तो अधिकच नाजूक, सुंदर वाटला. उपाशी माणसाच्या चेहऱ्यावरही तेज आल्यासारखं वाटतं कधी कधी. त्या आठवड्याच्या शेवटी खालून पांढरं दिसू लागलं. मी घाबरून खाद्य टाकलं, दाणे काढले, पण उशीर झाला होता. तळातल्या वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेली साय चढली. ती मी रोज नळीने ओढून काढायचो आणि दुसऱ्या दिवशी ती परत यायची. पाणी अगदी निर्मळ झालं की अशी साय माजते हे मला नंतर कळलं. निर्मळ पाण्यात घाण वाढते, हे मला आजही पूर्ण पटत नाही, पण डोळ्यांनी पाहिलं आहे. ती साय चढलेली असतानाच पुढच्या खोलीत मुंग्या निघाल्या आणि बायकोने एकदा फिनाईलने फरशी पुसली.

सून आली तेव्हा फांद्या पांढऱ्या होत्या. ती बराच वेळ काचेसमोर उभी राहिली, मग वही घेऊन बसली. सहा आठवड्यांची पानं चाळली.

"आकडे तर बरोबर आहेत बाबा. म्हणजे बाहेरून काहीतरी पाण्यात गेलं."

तिने घरात फवारा, उदबत्ती, काही झालं का विचारलं. बायकोने मुंग्यांचं आणि फिनाईलचं आपणहून सांगितलं. टाकीचं फेस काढणारं यंत्र खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतं, हे सुनेने तिला सांगितलं, आणि मग म्हणाली, असू द्या आई, तुम्हाला काय माहीत. मी तिथेच होतो. वही दोघींच्या मध्ये टेबलावर होती. आज बोलू, उद्या बोलू, असं आठ दिवस ठरवत राहिलो. त्यानंतर ठरवणंही सोडून दिलं.

टाकी रिकामी झाली. बायकोने खिडकीजवळची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली आणि पुढच्या खोलीत येणं बंद केलं. पाहुणे आले की चहा दारातूनच आत द्यायची. कोणी टाकीबद्दल विचारलं की म्हणायची, म्या मारले थे. शेंदूरजन्याला तिच्या भाचीच्या लग्नात तिचा भाऊ पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, बगिच्यात येशीन तं ये, पन फिनाईल घरी ठेवून ये." पंगत हसली. मीही हसलो.

यंदा सुनेने टाकी पुन्हा भरायला घेतली. एका रविवारी दुपारी ती जुनी वही आणि फोनमधले फोटो घेऊन बसली होती, शेजारी नवी वही.

"या फोटोतला रंग सगळ्यात छान होता," ती म्हणाली. "तुमचे तेव्हाचे आकडे पाच आणि ०.०५. या वेळी तेच धरते."

बायको चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सुनेने उठून कप घेतले. मला वाटलं, आता ती माझ्या खोट्या आकड्यांवर दुसरी टाकी उभी करणार आणि रंग आला नाही की परत दारात उभ्या बायकोकडे पाहणार.

मी म्हणालो, "ते आकडे मोजलेले नाहीत. मी मनाने लिहिले."

सुनेला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. खाद्य, दाणे, न आलेला निळा रंग. फिनाईलच्या आधीच फांद्या पांढऱ्या पडल्या होत्या, हेही. सुनेचा चेहरा उतरला होता, तरी तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की निळा कोणत्या आठवड्यापासून आला नाही. मी तिसऱ्या म्हणालो. तिने जुन्या वहीतल्या, त्या फोनच्या दिवसापासूनच्या माझ्या सगळ्या नोंदींवर रेघ मारली, बाजूला "मोजले नाही" असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी त्याखाली सही केली. चहा तिने घेतला नाही.

बायको अजून उंबऱ्यातच होती.

"मले माह्या माहेरी हासले लोक," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तुमी बी हासले."

संध्याकाळी मी तिच्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, दोन वर्सं लागले तुमाले?" लग्नाच्या पंगतीत जे जे होते त्यांना सांगशील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुमी सांगा. म्हणून एकेकाला फोन केले. दोघे-तिघे उरले आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांची नावं मला आठवत नाहीत त्यांच्यासाठी, हे लिहून ठेवतो आहे.

टाकी भरली. सुनेने नियम केला की थेंब मी टाकायचे, पण वही माझ्या हातात द्यायची नाही. वही बायकोकडे. ती सातवी शिकलेली आहे, आकडे मोठे आणि गोल काढते. मी बाटली धरतो आणि रंग सांगतो. ती माझ्या सांगण्यावर लिहीत नाही. बाटली हातात घेऊन खिडकीशी जाते, रंगांच्या कागदाला लावून पाहते, आणि पुष्कळदा मी सांगितलेल्याच्या एक घर खालचा आकडा लिहिते. खाद्य पुरेसं, दाणे थोडे, दोन्ही आकडे जागेवर. प्रवाळं अजून मळकटच आहेत, थोडी हिरवी. सून म्हणते, सहा महिने लागतील.

परवा सकाळी खुर्ची परत पुढच्या खोलीत आलेली दिसली. खिडकीजवळ नाही, काचेसमोर. बायको वाकून एका फांदीकडे पाहत होती. फांदीवर केसाहून बारीक तंतू बाहेर आले होते, पाण्याबरोबर हलत होते. सकाळी खाद्य टाकायच्या आधी ते निघतात, बिघडलं की आत ओढलेले राहतात. ताणाच्या त्या दिवसांत ते आठवडाभर बाहेर आले नव्हते, आणि मी फक्त रंग पाहत होतो.

माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "हे पाहा. हे हाय याचं पान."

मी दुसरी खुर्ची आणून तिच्या बाजूला ठेवली. तिने सरकून जागा दिली नाही, पण खुर्ची ठेवू नका असंही म्हणाली नाही.