चुडा भरणारा हात

माझी अम्मा शहाद्याच्या बाजारात बांगड्या भरायची. आम्ही मणियार. दुकान अब्बांचं, पण बायका यायच्या त्या अम्माच्या हातासाठी. समोरचीचा अंगठा आत दुमडून, तळवा दाबत ती अरुंदातली अरुंद बांगडी मनगटात उतरवायची. गप्पा संपायच्या आत डझन पुरा.

जर्मनीची दुसरी मोठी लढाई सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात, एका गिऱ्हाइकाचा हात धरलेला असतानाच अम्मा कलंडली. उलटी झाली, तोंड वाकडं झालं, उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, "डोक्यातली नस फुटून आत रक्त साचलंय. जगल्या तर नशीब."

ती जगली. महिन्याभरात बोलू लागली, पावसाळ्यात पाय ओढत चालू लागली. मी दोन गल्ल्या पलीकडेच दिलेली. रोज येऊन उजव्या हाताला मालकांगोणीचं तेल चोळायचे. दिवाळीच्या सुमारास मूठ वळली, तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात साखर वाटली. मग तांब्या धरता येऊ लागला, पीठही ती कसंबसं मळायची. आम्हाला वाटलं, आता बांगडीही येईल.

सराव ती माझ्याच हातावर करायची. अंगठ्याने दाबायला गेली की चारही बोटं एकदम आवळायची, आणि सोडायला गेली तर सुटायची नाहीत. काच वाढायची, आमच्यात 'फुटली' म्हणत नाहीत. घरात आम्ही उर्दू बोलायचो, पण जीव कळवळला की अम्मा अहिराणीवर यायची. "हाऊ हात मन्हा शे, पन मन्हं आयकत नई," म्हणत माझ्या मनगटावरचं रक्त पदराने पुसायची.

पुढच्या वर्षी कळसाडीची एक शेतकरीण दारात आली. "मन्ही पोरले लगीनना चुडा तूच भर. मन्हाबी तूच भरेल व्हता."

मी डोळ्यांनी नको म्हणत होते. अम्मा हो म्हणाली.

मांडवात पहिल्या दोन हिरव्या बांगड्या चढल्या. तिसरीला बोटं आवळली. नवरी ओरडली, काच वाढली, हळदीच्या हातावर रक्त आलं. बायका अपशकुन म्हणून कुजबुजल्या. लग्नघरात, नवरीच्याच हातात! नवरीच्या आईने अम्माची बोटं एकेक करून सोडवली. "ऱ्हाऊ दे, माय," एवढंच म्हणाली. उरलेला चुडा मी भरला. अम्मा शेजारी बसून दाराकडे बघत राहिली.

परतताना बैलगाडीत मी म्हटलं, "अजून थोडे महिने जाऊ देत, अम्मा."

"बस, बेटी. हात जेवढा यायचा तेवढा आला."

तेल मी चोळत राहिले, पण ती नुसता हात पुढे करायची, लक्ष भलतीकडेच. त्यानंतर सहा वर्षं जगली. बोटं होती तिथेच राहिली. दुकानात आता मी बांगड्या भरायचे. कुणी सवयीने तिच्यापुढे मनगट केलं, की ती डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवायची आणि आत निघून जायची.