दोन चकल्या आणि बिस्किटांचा डबा

माघ वद्य पंचमी. मी ओसरीवर तूर पाखडत होते. आत धाकटी जाऊ पडून होती. तिचा मुदतीचा ताप उतरून आठ दिवस झाले होते.

आम्ही तेव्हा अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आतडी अजून कच्ची आहेत, मोडताना आवाज होईल असं काही तीन आठवडे द्यायचं नाही. पेज द्या, दूध द्या, दुधात भिजवलेलं बिस्कीट द्या. तिचा नवरा, माझा दीर, कामाला अमरावतीला गेला होता, तो तिथल्या मोठ्या दुकानातून पत्र्याचा डबा घेऊन आला. झाकणावर घोडागाडीचं चित्र होतं.

"अंडं घालतेत म्हने त्यात," सासूबाई म्हणाल्या. "माया चुलीपाशी आनू नोको." डबा ओसरीच्या कोनाड्यात राहिला.

मी एक बिस्कीट खाऊन पाहिलं होतं. सगळी एका मापाची. गोड, पण कशाचं गोड ते कळत नव्हतं. वास पत्र्याचा. दुधात टाकलं की खळ व्हायची. जाऊ दोन चमचे घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

दुपारी चकल्यांची टोपली घेऊन माळ्यांची म्हातारी आली. ज्वारीच्या पिठाच्या चकल्या, तीळ-ओवा घातलेल्या, सकाळीच तळलेल्या. एकसारख्या दोन सापडायच्या नाहीत. गिऱ्हाइकाच्या कानापाशी एक चकली मोडून दाखवायची तिची रीत होती. आवाज नीट आला तरच घ्या, म्हणायची. त्या दिवशी मोडता मोडता तिला कोनाड्यातला डबा दिसला.

"हे काय वं बाई? गोऱ्याची शिळी भाकर?"

"डॉक्टरनं सांगितली."

"डब्यात कोंबलेलं कवाचं हाय कोनाले ठाव? माया हातचं खाऊन कोनाचं पोट दुखलं आजपर्यंत?"

कोणाचंच दुखलं नव्हतं. मी चार चकल्या घेतल्या. मोडल्याचा आवाज जावेला आत ऐकू गेला होता.

"मले त्यातली एक द्या नं बाई," ती म्हणाली. "ते डब्यातलं मातीवानी लागते."

"डॉक्टर नाही म्हणाले आहेत."

"डॉक्टरले काय समजते आपल्या घरचं?"

मलाही तेच वाटत होतं. आपल्याकडचं पीठ, आपल्याकडचं तेल, ओळखीचा हात. याने कसला अपाय होतो? डॉक्टरांचा नियम बाजारच्या खाण्यासाठी असेल, असं मी ठरवून टाकलं. तिला दोन चकल्या दिल्या. तिने त्या सावकाश, मन लावून खाल्ल्या. उरलेल्या दोन मी डाळीच्या डब्यामागे ठेवल्या आणि पुन्हा तूर पाखडायला बसले.

सप्तमीला पहाटे तिचं पोट दुखू लागलं आणि दगडासारखं घट्ट झालं. डॉक्टर आले. आतडं फाटलं, म्हणाले. "खायला काय दिलं होतं?"

"तेच डब्यातलं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जावेच्या कपाळावरची घडी बदलत राहिले.

दिवस मावळायच्या आत ती गेली. तिला नेल्यावर सासूबाईंनी डबा गल्लीत भिरकावला. बिस्किटं मातीत पसरली. स्मशानातून परत आलेल्या मुलाला त्या दारातच म्हणाल्या, "तुनंच आनला होता तो डबा. बायको खाल्ली तुनं." तो पायांवर पाणीही न घेता अंगणात बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच बसलेला होता. मी डाळीच्या डब्यामागच्या दोन चकल्या काढल्या, त्याच्यापुढे जमिनीवर ठेवल्या आणि सांगितलं, "बिस्किटानं नाही झालं. पंचमीला मी तिला अशा दोन दिल्या होत्या."

त्याने चकल्यांकडे पाहिलं. "काहून?"

"तिनं मागितल्या. मला वाटलं, ओळखीच्या हातचं आहे."

तो उठून बाहेर निघून गेला. मी चकल्या उचलल्या आणि सासूबाईंना सांगायला आत गेले.