हललेला पंख

ट्विला उन्रूला बावन्नावं लागलं तोवर तिच्या नावाचे तीनच कागद घरात होते. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला आणि गाडी चालवायचा परवाना. अकरावीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि शाळा सुटली, ती कायमचीच. पुढे ती गावच्या वृद्धाश्रमात धुलाईखान्यात लागली. सव्वीस वर्षं चादरींच्या घड्या घालण्यात गेली.

त्या वर्षी मे महिन्यात कामावरून परतताना तिला पॅनर नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात पंधरा-वीस गाड्या दिसल्या. कॅन्ससमध्ये कुरणात एवढ्या गाड्या म्हणजे एकतर लिलाव, नाहीतर अपघात. तिनं ब्रेक लावला. तेवढ्यात माणसाहून उंच एक लाल रॉकेट फाडफाड आवाज करत जमिनीवरून सुटलं. तो आवाज तिला छातीच्या पिंजऱ्यात जाणवला. घरी जायचं सोडून ती संध्याकाळपर्यंत तिथेच कुंपणाला टेकून उभी राहिली.

असली मोठी रॉकेटं उडवायची तर हौशी रॉकेटवाल्यांच्या क्लबचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र लागतं. रॉकेट स्वतःच्या हातानं बांधायचं, मोठ्या मोटरवर, म्हणजे जळत्या इंधनाच्या नळकांड्यावर, उडवायचं, पॅराशूटनं खाली आणायचं. आणि परत आणून दाखवलं की ते जसंच्या तसं पुन्हा उडवण्याजोगं असलं पाहिजे. डागडुजी लागणार असेल तर नापास. तपासायचं काम व्हर्नन स्टकी यांच्याकडे होतं. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत लेथ आणि वेल्डिंग शिकवलं होतं. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे, पाठीत थोडे वाकलेले, पण त्यांचा अंगठा सांध्यावरून फिरला की कसर लपत नाही असं सगळेच म्हणायचे.

ट्विलानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याच्या जाड नळीचं रॉकेट बांधलं. जुलैमध्ये पहिलं उडालं, पण पॅराशूट नळीतच अडकलं आणि ते भाल्यासारखं जमिनीत घुसलं. सप्टेंबरमधलं दुसरं छान उडालं, छान उघडलं आणि वाऱ्यानं शेजारच्या ज्वारीत गेलं. डोक्याइतक्या उंच ज्वारीत ती दोन दिवस हिंडली. मिळालं नाही.

"ज्वारी काढतील तेव्हा सापडेल," नवरा गेलन म्हणाला. तो धान्याच्या सोसायटीत यंत्रं दुरुस्त करायचा. "दाण्याबरोबर विकतील तुझं रॉकेट."

"हस तू."

"हसत नाहीये. तिसरं बांध. मी नळी आणून देतो, हात लावणार नाही."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ती तिसरं रॉकेट घेऊन गेली. हिवाळ्यापूर्वीचा हा शेवटचा मेळा. धुलाईखान्यातल्या दोघीजणी मुद्दाम आल्या होत्या, कोबी-खिमा भरलेल्या बिरॉक पावांचा डबा घेऊन. वारा बऱ्यापैकी होता. व्हर्ननांनी मोटर पाहिली, पॅराशूटची घडी पाहिली, पंख एकेक करून दाबले.

"बांधणी चांगली आहे," ते म्हणाले. "घाईनं नाही बांधलंस या वेळी."

"मागच्या वेळी काय घाई होती?"

"मागच्या वेळी तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, रॉकेटकडे नाही."

रॉकेट सरळ वर गेलं. शेवटी ढगाखाली नारिंगी पॅराशूट उघडलं तेव्हा मागे टाळ्या पडल्या. पण वारा ते ओढत नेत होता, कुंपणापलीकडे, पाऊण मैल तरी. ट्विला एकटीच निघाली. गेलनचा गुडघा तेवढं चालू देत नव्हता.

गुरांच्या पाण्याच्या लोखंडी टाक्याशी ते पडलं होतं. उतरताना टाक्याच्या काठावर आपटलं असणार. तिनं उचललं, पुसलं, आणि तिसरा पंख बोटाखाली हलला. फार नाही. नखाएवढा. मुळाशी इपॉक्सीच्या डिंकात एक बारीक चीर गेली होती.

ती टाक्याच्या काठावर बसली. मागे वळून पाहिलं तर माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. कमरेच्या पिशवीत झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी होती. सगळेच ठेवतात. तिनं मनाशी म्हटलं, हे तर उतरताना झालं, उडताना नाही. बांधणी तर चांगलीच होती, त्यांनीच सांगितलं. तिनं चिरेत गोंद सोडला, पंख दाबून धरला आणि साठ मोजले. मग थुंकीनं ओलं करून वर चिमूटभर माती चोळली. मग ती उठून परत निघाली.

व्हर्ननांचा अंगठा तिन्ही पंखांवरून फिरला. तिसऱ्यावर क्षणभर थांबला, असं तिला वाटलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"झालं बाई एकदाचं," त्यांनी सही केली. "अभिनंदन."

धुलाईखान्यातल्या बायकांनी सोमवारी केक आणला. गेलननं प्रमाणपत्राला लाकडी चौकट केली आणि समोरच्या खोलीत लावली. कोणी आलं की तो ती दाखवायचा. ट्विला तेवढ्यात कॉफी करायला आत जायची.

तिनं ते रॉकेट माळ्यावर टाकलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण एप्रिलमध्ये मेळा भरला आणि गेलननं गाडीत ते स्वतःच ठेवलं. "आता मोठी मोटर लाव की. परवानगी आहे तुला." नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तिनं पंख हलवून पाहिला. हलत नव्हता. सहा महिन्यांत, काही झालंच नव्हतं यावर तिचा स्वतःचाही जवळजवळ विश्वास बसला होता.

दुप्पट ताकदीची मोटर होती. शंभर-दीडशे फुटांवर काहीतरी तुटून बाजूला उडालं आणि रॉकेट आडवं झालं. मोटर जळतच होती. ते गरकन फिरलं आणि माणसांच्या दिशेनं आलं. कोणीतरी ओरडलं, लोक गाड्यांमागे पळाले. ते व्हर्ननांच्या बायकोच्या घडीच्या खुर्चीत घुसलं. आयलीन दोन मिनिटांपूर्वीच थर्मास आणायला उठली होती. खुर्चीचं कापड जळून गेलं आणि सळ्या वाकल्या.

कोणाला काही लागलं नाही. लोक एकेक करून गाड्यांमागून बाहेर आले. मग व्हर्नन वाकून तुटलेला पंख शोधून घेऊन आले. मूळ उलटसुलट करून पाहिलं.

"ही जुनी चीर आहे," ते म्हणाले. "ऑक्टोबरमध्येच असणार. माझ्या हाताखालून गेली."

"कोणाच्याही हातून जाते," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या जात नव्हती." त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "बोटांना बधिरपणा आलाय, डॉक्टर सांगत होता. मी ऐकलं नाही. आजपासून तपासणी दुसऱ्या कोणी करावी."

ट्विला चार पावलांवर उभी होती. आयलीन खुर्चीच्या सळ्या गोळा करत होती आणि तिलाच धीर देत होती, "तुझी काय चूक, ट्विला. जाऊ दे."

अकरा दिवस तिनं काढले. कामावर दोनदा गरम पाण्याच्या यंत्रात हात भाजून घेतला. बाराव्या दिवशी जेवताना गेलनला सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला. दारातून समोरच्या खोलीतल्या चौकटीकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू चौकट करायला घेतली होतीस."

उठून त्यानं चौकट भिंतीवरून काढली आणि तिच्या हातात दिली.

व्हर्नन गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राची पाती घासत होते. ट्विलानं चौकट बाकावर ठेवली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. टाकं, गोंद, थुंकी, माती. काही गाळलं नाही. त्यांनी घासायचं थांबवलं नाही. ती बोलायची थांबली तरी ते घासतच होते.

"दोन मिनिटं आधी आयलीन त्या खुर्चीत होती," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"आणि मला वाटलं माझे हात गेले. अकरा दिवस मी हे असे धरून बघतोय." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "शर्टाची बटणं लावताना बघतोय. आयलीनला म्हटलं, लेथ विकून टाकू. माणूस बोलावला होता काल बघायला."

"विकला?"

"त्यानं किंमत कमी सांगितली म्हणून वाचला." ते तिच्याकडे बघत नव्हते. "पंख गेला त्याचा राग नाही मला. पंख जातात. तू तिथे उभी होतीस आणि मी म्हातारा झालो असं मला म्हणू दिलंस."

तिनं माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती माफी होती की जा म्हणणं, हे तिला कळलं नाही. पुढच्या मेळ्यात तिनं सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि जुनं प्रमाणपत्र रद्द झालं. काही जणांनी खांदा थोपटला. दोघांनी तिच्याशी बोलणं सोडलं, ते आजवर सुरू केलेलं नाही. व्हर्नन पुन्हा तपासणीच्या टेबलाशी बसले.

सप्टेंबरमध्ये ती नवं रॉकेट घेऊन त्यांच्या रांगेत उभी राहिली. बाजूला दुसरा तपासनीस मोकळा होता, त्यानं हातही केला, पण ती गेली नाही. व्हर्ननांनी पंधरा मिनिटं घेतली. प्रत्येक पंख ओढला, पिळला, टॉर्चनं मुळं पाहिली. मागचे लोक कुरकुरायला लागले. ट्विला खाली मान घालून उभी होती.

रॉकेट वर गेलं, पॅराशूट उघडलं आणि अर्ध्या मैलावर ओढ्याकाठी उतरलं. ती निघाली तशी मागून पावलं ऐकू आली.

"मी येतो बरोबर," व्हर्नन म्हणाले.

कशाला, हे तिला माहीत होतं. तिनं वेग कमी केला, कारण त्यांना भरभर चालवत नव्हतं. वाटेत ते एवढंच म्हणाले की यंदा लोक गहू उशिरा पेरणार आहेत, जमिनीत ओल नाही. ती हो म्हणाली. रॉकेट ओल्या गवतात धड पडलेलं होतं. तिनं ते उचललं नाही. बाजूला उभी राहिली आणि त्यांना उचलू दिलं.

त्यांनी तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. अभिनंदन म्हणाले नाहीत. परतताना रॉकेट मात्र तिच्या हातात दिलं आणि पॅराशूटची दोरी स्वतः गुंडाळत चालू लागले.

नवं प्रमाणपत्र नोव्हेंबरात टपालानं आलं. गेलननं विचारलं, चौकट करू का? ट्विला म्हणाली, राहू दे सध्या. ते अजून टेबलाच्या खणात आहे, परवान्याच्या खाली.