बिनआवाजाची पायवाट

यंत्रमागाच्या कारखान्यात वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. त्या सकाळी तसं झालं नाही. आधी दारापाशी एक माग थांबला, मग त्याच्या शेजारचा, मग पुढची सगळी ओळ... मी मान वर केली. दारातल्या मुकादमाचे ओठ हलले आणि पलीकडच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मला त्याचं म्हणणं लख्ख कळलं. नरसय्या गेला. माझा माग तेवढा अजून चालूच होता. तो बंद करायला माझा हात उठेना.

त्याला आता काही आठवडे झाले. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा हा माझा मित्र कारखान्यात माझ्या समोरच्या मागावर होता. घरात तेलुगू, बाजारात दखनी उर्दू आणि माझ्याशी मराठी. मला तो 'बावा' म्हणायचा, म्हणजे मेहुणा. नातं काही नव्हतं, पण त्या एका शब्दावर त्यानं माझी यथेच्छ थट्टा करून घेतली. मागांच्या खडखडाटात गळा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून आम्ही ओठांनी बोलतो आणि ओठ वाचतो. धागा तुटला, मालक आला, संध्याकाळी सिनेमाला येतोस का... सगळं आवाजाविना. बाहेर पडलं की उलटं होतं. कान बधिर झालेले, त्यामुळे साधं बोलणंही भांडण वाटतं. नरसय्याची बायको होती तोवर त्याला रोज बजावायची, ''हळू बोला की, गल्ली गोळा होतीया.''

सुताची धूळ त्याच्या छातीत बसली होती. डॉक्टरांनी मोकळी हवा घ्यायला सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही तुळजापूर रस्त्यानं एसटीनं हिप्परग्याच्या तलावाकडे जाऊ लागलो. वाट तशी छोटीच. आधी वनखात्यानं राखलेलं हिवर, कडुलिंब आणि बाभळीचं रान, मग ज्वारीची शेतं, पुढे तलावाच्या मातीच्या भरावाखाली पाझराचं पाणी साचून झालेली पाणथळ, तिच्यात लव्हाळा आणि लांब पायांची शेकाट्या पाखरं, आणि भरावावर चढलं की पाणीच पाणी. मला झाडापाखरांचं काहीच कळत नव्हतं. त्यालाही नव्हतं. पण पहिल्याच खेपेला उथळ पाण्यात करकोच्यांचा थवा दिसला आणि गडी असा काही हरखला की त्याच्या कारखान्याच्या आवाजात ओरडला, ''बावा, बघ की!'' सगळा थवा उडाला. शेरडं राखणारा एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, ''पाखरं बघाय आलाय का हाकलाय?''

नरसय्याला ते फार लागलं. पुढच्या सुट्टीला रानात शिरताना त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि नुसते ओठ हलवले, 'आता माग चालू हाय.' तेव्हापासून त्या वाटेवर आवाज काढायचा नाही, असा आमचा नेम झाला. मोराचं पीस पडलेलं असो नाहीतर पायात काटा मोडलेला असो, सगळं ओठांवर. एकदा हुरड्याच्या दिवसांत ज्वारीतली एक बाई गोफण खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिली. मग भाजलेली दोन कणसं घेऊन आली आणि स्वतःशीच म्हणाली, ''आगं आई, दोघंबी मुकं! खावा बाबांनो.'' नरसय्यानं चार दाणे तोंडात टाकले आणि न राहवून गरजला, ''लई ग्वाड हाय!'' बाई दोन पावलं मागे सरकली. मग पोट धरून हसली.

बहात्तरच्या दुष्काळात तलाव आटला आणि त्याचा तळ तडकला. नरसय्या त्या भेगांकडे बघत भरावावर बसून राहायचा. पुढे पाऊस झाला, पाणी आलं, करकोचेही आले, पण त्याची छाती काही सुधारली नाही. माग सुटला. वाट तीच राहिली आणि तो तिच्यावर मागे मागे येत गेला. आधी भरावाची चढण सुटली, मग पाणथळ, मग ज्वारीच्या बांधावर बसून परत. मला त्याचा राग यायचा, खरं सांगतो. रडायच्या ऐवजी मी चिडत होतो.

गेल्या हिवाळ्यात त्यानं हट्टच धरला. यंदा करकोचे बघायचेच. दर दहा पावलांना थांबत, माझ्या खांद्यावर भार टाकत तो भरावाच्या पायथ्याशी पोचला आणि दगडावर बसला. पुढे जमणार नव्हतं. त्यानं मला वर जायची खूण केली. मी चढलो. पलीकडे उथळ पाण्यात पाखरांची राखाडी गर्दी उभी होती. मी खाली वळून ओठांनी सांगितलं, 'आलेत. लई आलेत.' तो हसला. मग ओठांनी एकच शब्द म्हणाला. मला वाटलं, वाचण्यात चूक झाली. त्यानं पुन्हा सांगितलं, 'उडव.'

मी पाण्याकडे तोंड करून छातीच्या देठापासून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सगळा थवा कर्कश आवाज करत उठला, वळला आणि भरावावरून थेट त्याच्या डोक्यावर आला. नरसय्या दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड उघडं टाकून वर बघत होता. त्यांच्या सावल्या त्याच्या अंगावरून गेल्या. मी खाली आलो तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि तो कारखान्याच्या आवाजात म्हणाला, ''पोट भरलं बावा.''

त्यानंतर तो त्या वाटेला आला नाही. मी एकटा जातो, अजूनही तोंड मिटून.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकाला नळी होती आणि बोलायला वारा उरला नव्हता. सून त्याच्या तोंडाशी कान नेऊन रडकुंडीला आली होती. ''सकाळपासनं पानी पानी म्हनतेत, काका. आन् दिलं की तोंड फिरवतेत.'' मी पलंगाच्या पायाशी उभा राहिलो, मागापासून मागाचं असायचं तेवढ्या अंतरावर. त्याचे ओठ पुन्हा हलले. 'पाणी'च्या पुढे आणखी दोन शब्द होते. त्यांना आवाजच नव्हता, मग कानाला कसे कळणार! 'पाणी किती हाय?' दुष्काळापासून त्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दूधवाल्यालाही, तो हेच विचारायचा. मी आदल्याच सुट्टीला जाऊन आलो होतो. आवाज न काढता सांगितलं, 'भरावाला टेकलंय.'

त्यानं डोळे मिटले. मी सुनेला म्हणालो, ''आता दे.'' तिनं चमचा ओठांना लावला आणि तो प्यायला.