रुग्णाच्या खुर्चीत

विद्यार्थिनी तिच्या माघारी तिला ‘सुरकुती मॅडम’ म्हणायच्या. पलंगावरच्या चादरीला एक जरी सुरकुती दिसली, तरी ती अख्खी चादर ओढून काढायची. विद्यापीठात ती नर्सिंगच्या मुलींना मनोरुग्णांची शुश्रूषा शिकवायची, आणि इतकं हसवायची की शेजारच्या वर्गातून तक्रार यायची.

साथीच्या दिवसांत वॉर्डात माणसं कमी पडली, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलींना तिनेच पाठवलं. त्यांतली एक दगावली. मॅडमला कुणी बोल लावला नाही. मुलीच्या आईने तर तिलाच जवळ घेतलं. तेच तिला सोसवलं नाही.

पुढे दोन सहकारी नोकरी सोडून गेल्या आणि त्यांचे तासही हिच्याच गळ्यात पडले. जेवण पानात राहू लागलं. घरी धाकट्या बहिणीने खोदून विचारलं, तर ‘दमलेय गं’ एवढंच. विभागप्रमुखांकडे रजा मागितली, तेव्हा ते म्हणाले, परीक्षा होऊन जाऊ द्या. शिवाय मन कसं सांभाळायचं, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार?

उदास रुग्णाशी कसं बोलायचं हे शिकवताना ती दरवर्षी स्वतःच रुग्ण व्हायची. यंदाही खुर्ची ओढून बसली. समोर बसलेल्या मुलीने झोपेबद्दल विचारलं.

“लागते झोप. जाग आली की वाईट वाटतं.”

“जगावंसं वाटतं का?”

तिने मांडीवरच्या पदराची सुरकुती बोटांनी सपाट केली.

“नाही गं वाटत. तुम्ही समोर बसलात की मला तिचीच रिकामी जागा दिसते.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. काय हुबेहूब केलं मॅडमनी! पण ती उठेना. टाळ्या आपोआप थांबल्या. प्रश्न विचारणारी मुलगी तिच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, संपलं ना?”

तिने मान हलवली. नाही.

बहीण येईपर्यंत मुलींनी तिला एकटं सोडलं नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. काही महिन्यांनी ती पोटभर जेवू लागली, बहिणीच्या भाजीला नावंही ठेवू लागली. घरच्यांच्या जिवात जीव आला. मग एका सकाळी ती साडी नेसून कामावर निघाली. विद्यापीठाच्या फाटकापाशी पोहोचली, तोच पांढऱ्या गणवेशातला मुलींचा घोळका समोरून आला. ती तिथूनच माघारी फिरली.

घरी बहिणीने तिच्या खांद्यावरची पर्स उतरवून ठेवली.

“मला शिकवायला फार आवडायचं गं,” ती म्हणाली. पुन्हा ती तिकडे गेली नाही.