शालनमावशीच्या वतीने

शालनमावशी जयपूरजवळच्या बगरूच्या बाजूला रेल्वेफाटकावर गेटकीपर होती. नवरा पंढरीनाथ रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये होता. तो गेल्यावर तिला ही नोकरी मिळाली. मूळची अकोल्याची. नऊ वर्षं जयपुरात काढूनही तिची हिंदी आकड्यांपुरती आणि भांडणापुरतीच होती. फाटकाला तेवढी पुरायची.

छापील कापडाचे टेम्पो रांगेत उभे राहायचे. एखादा ड्रायव्हर ओरडायचा, "अम्मा, खोल दो! गाड़ी तो अभी जयपुर में चाय पी रही है!"

"तो तू भी पी! फाटक नहीं खुलेगा!"

शेवटच्या टेम्पोपर्यंत ऐकू जायचं.

पण खरं काम फोनवर होतं. फाटक बंद केलं की वहीतला एक आकडा स्टेशनमास्तरला तोंडी सांगायचा. तो नीट ऐकू आला, तरच गाडीला सिग्नल.

गेल्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं. मी शेजारच्या क्वार्टरमधली, साहित्यात एम.ए. करून घरी बसलेली. हिंदी चांगली म्हणून हॉस्पिटलात मीच सोबत राहिले. आधी रक्त तपासलं, छाती तपासली. स्वरयंत्र कुणी पाहिलं नाही. ते पाहायचं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी डॉक्टर राउंडला आले.

"अम्मा, कुछ बोलो. आवाज़ कैसी है?"

मावशीने तोंड उघडलं. तिचा चेहरा ताणला गेला. मला दया आली.

"ठीक है जी," मी म्हणाले. "बस, गला थोड़ा बैठा है."

आपल्याकडे आजारी माणूस बोलत नाही, सोबतचं बोलतं. डॉक्टरही थांबले नाहीत. कागदावर लिहिलं, आवाज नॉर्मल. पुढच्या खाटेकडे गेले.

घरी तिला आम्ही बोलू दिलं नाही. ज्येष्ठमध दिला, मध चाटवला. बोलायचंच तर कुजबुजून बोल, म्हणालो. दीड महिन्याने ती कामावर गेली. आवाज तसाच होता. फोनवर स्टेशनमास्तर रणजीतजी ओरडले, "नंबर बोलो! हवा आ रही है, नंबर नहीं!" तिने तीनदा सांगितला. गाडी सिग्नलला अठरा मिनिटं उभी राहिली. संध्याकाळी तिला फाटकाच्या कामावरून काढलं. त्यांचं चुकलं म्हणता येत नाही.

चौथ्या महिन्यात आम्ही घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली. पडद्यावर दोन स्वरपट्ट्या दिसल्या. एक हलत होती. डावी पडून होती.

लवकर यायला हवं होतं, त्या म्हणाल्या. इंजेक्शनने पट्टीला आधार देता आला असता. व्यायाम शिकवले असते. कुजबुजणं तर पहिल्याच दिवशी बंद केलं असतं. त्याने घशावर ताणच येतो. आता व्यायाम करा, वर्षभर वाट पाहा. ऑपरेशनमध्ये दुखावलेली नस सावरली तर सावरली. नाहीतर आणखी एक ऑपरेशन.

मग त्यांनी जुना कागद उलटला. "इसमें तो आवाज़ नॉर्मल लिखी है. सुनी किसने थी?"

मी तो कागद घेऊन पिशवीत घातला.

जिन्यात मावशी श्वास घेत, तुकड्या-तुकड्याने म्हणाली, "तूच त... म्हटलं व्हतं... ठीक हाये."

ती रागावली नव्हती. रागवायलाही आवाज लागतो.

पुढच्या आठवड्यात तिला नवं काम ठरवायला रेल्वेच्या ऑफिसात बोलावलं. डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत होती. सकाळपासून ती एकच वाक्य घोकत होती. साहब, एक साल फाटक मेरे लिए रखना.

साहेबांनी चिठ्ठी न वाचता बाजूला ठेवली. "क्या चाहती हो, अम्मा?"

माझं तोंड उघडलं. मावशीने माझं मनगट धरलं. नखं रुतली.

ती बोलली. "साहब" थोडं ऐकू आलं. पुढे नुसती हवा. तिने श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं.

साहेब माझ्याकडे पाहू लागले. "क्या कह रही हैं?"

मनगट सुटलं नाही. मी मावशीकडे पाहिलं.

पेनाचं टोपण काढायला लागतो तेवढा वेळ ते थांबले. मग लिहिलं, कार्यालयात पाणी भरणे. कागद तिच्यापुढे सरकवला, आणि विचारलं मला.

"ठीक है?"